दस्त्याच्या आतल्या तारखा

लखनौच्या सरोजिनी नगरात जी काही मराठी घरं आहेत, त्यांत हणमंतराव बर्गे दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे कुठलीही जुनी बंदूक हातात दिली की ते तिचं वय आणि किंमत सांगतात. दुसरी म्हणजे त्यांनी स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस आजवर एकदाही साजरा केलेला नाही. पहिल्या गोष्टीचं कौतुक होतं आणि दुसरीची चर्चा होते. आता कौतुक आरतीच्या कापरासारखं उडून जातं, चर्चा मात्र उदबत्तीसारखी घरभर रेंगाळते, हे काय वेगळं सांगायचं? दर गणपतीत कुणीतरी बाई हमखास विचारते, "यमुनाबाई, येत्या मार्चात पंचेचाळीस होणार ना? या खेपेला तरी जेवण द्या." आणि यमुनाबाई ताट पुढं करत म्हणतात, "शिरा घ्या. साजूक तुपातला आहे."

विचारणारी शिरा घेते. गोड तोंडानं पुढचं विचारता येत नाही.

हणमंतराव कोरेगावकडचे. फौजेत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले तेव्हा साताऱ्याला परतायचं सोडून इथंच कानपूर रोडच्या आत दोन खोल्यांचं घर बांधलं. का, तर म्हणे यमुनाबाईंना हवा मानवते. जूनमध्ये लखनौची हवा कुणाला मानवते ते एकदा पाहायला हवं. मग मंगळवार-शुक्रवार अमौसीहून मेट्रो पकडून हज़रतगंजला जायचे. तिथं सुधीरबाबूंचं परवाना असलेलं हत्यारांचं दुकान आहे. ज्याच्या नावावर बंदूक असते तो वारला की घरचे ती अशा दुकानात आणून जमा करतात. नवा परवाना मिळेपर्यंत किंवा विकली जाईपर्यंत ती तिथंच राहते. विकायची तर वय काय, किंमत काय, हे कुणी जाणत्यानं लिहून द्यावं लागतं. ते काम हणमंतरावांचं. इथल्या मराठी मंडळातले काहीजण म्हणायचे की त्यांना कमिशन मिळतं. काहीजण म्हणायचे की दुकानाशेजारच्या गल्लीतले गलौटी कबाब त्यांना ओढून नेतात आणि यमुनाबाईंना हे ठाऊक नाही. यमुनाबाईंना कबाबांचं ठाऊक होतं. आणि खरं कारणही ठाऊक होतं. ते त्या दोघांखेरीज कुणालाच नव्हतं.

हणमंतराव एक नंबर शोधत होते. चार हजार सातशे तेरा.

तो शोधायचा तर जुनी हत्यारं जिथं येतात तिथं जाऊन बसायला हवं, आणि तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या पायथ्याच्या जंगलपट्ट्यातल्या मोठ्या घरांची हत्यारं आज ना उद्या हज़रतगंजलाच येतात. एवढा साधा हिशेब. त्या हिशेबापायी माणूस वीस वर्षं मेट्रोनं, त्याआधी टेम्पोनं, धुक्यातून नि लूच्या झळांमधून जात राहिला.

त्यांची काम करायची रीत सगळ्या बाजाराला पाठ होती. मालकाला समोर बसवायचं आणि गप्प करायचं. "मालिक बोलेगा तो बंदूक नहीं बोलेगी," असं सांगायचे. कारण प्रत्येक मालकाची बंदूक कुणा ना कुणा राजानं भेट दिलेली असते आणि तिनं एक तरी नरभक्षक मारलेला असतो. हणमंतरावांच्या अंदाजानं, लखनौच्या कोठ्यांनी, म्हणजे बड्या हवेल्यांनी, जेवढे नरभक्षक मारले तेवढे साधे वाघसुद्धा तराईत कधी जन्मले नसतील. मग ते आधी नाक लावायचे, नंतर बोटं, सगळ्यात शेवटी डोळे आणि भिंग. डोळा भुलतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि अगदी शेवटी, फार अडलं तर, बंदुकीचा लाकडी दस्ता उघडायचा. दस्त्याच्या मागं, खांद्याला टेकते तिथं लोखंडाची एक पट्टी असते, दोन स्क्रूंनी बसवलेली. ती काढली की आतलं कोरं लाकूड दिसतं. लखनौच्या जुन्या कारागिरांचा असा रिवाज आहे की ज्यानं बंदूक उघडून दुरुस्त केली त्यानं तिथं पेन्सिलीनं आपलं नाव आणि तारीख लिहायची, आणि मनात असेल ते एखादं वाक्य. मुलगा झाला. आंबे आले. बीबी मायके गई. मालकाला याचा पत्ताच नसतो. बंदूक वापरणारे लोक तिच्या पोटात कधी डोकावत नाहीत. हणमंतरावांना हा रिवाज अच्छन मियाँनी शिकवला. अमीनाबादकडचे म्हातारे मिस्त्री, आता नाहीत ते. त्यांनी शिकवताना एकदा भिंगावरून मान वर करून म्हटलं होतं, "तुम्हारे भाई को भी हमने ही सिखाया था. हाथ उसका तुमसे साफ़ था."

भाऊ म्हणजे नरहर. थोरला. तोही आर्मररच, धाकट्यानं त्याच्याच पावलावर पाऊल टाकलेलं. एकोणीसशे एक्क्याऐंशी साली नरहर लखनौच्या छावणीत होता, सव्वीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. त्याची एक खोड होती. बंदूक दुरुस्त करून बंद केली की दस्त्यावर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "नीज आता." जसं काही पाळण्यातलं पोर. दस्त्याला तो जवसाचं तेल लावायचा, गावाकडून आणलेलं, आणि त्याच्या कपड्यांना कायम तो वास यायचा.

त्या फेब्रुवारीत त्यानं चार दिवसांची रजा काढली. नेपाळच्या सीमेकडं मोठी शेतीवाडी असलेल्या एका घराण्याचा शिकारीचा तळ पडणार होता. शिकारीवर बंदी येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण बंदी काय, बंदी लहानांना असते. त्यांच्या रायफली नीट करून द्यायला म्हणून नरहर गेला. तो परत आलाच नाही. घराण्याच्या मालकांनी पोलिसांत लिहून दिलं की हा फौजी नऊ फेब्रुवारीच्या रात्री आमची रायफल, नंबर चार हजार सातशे तेरा, घेऊन नेपाळात पळाला. फौजेनं चौकशी केली आणि त्याला फरारी ठरवलं. आईला जे पत्र आलं त्यात घराण्याचं नाव नव्हतं, तो नंबर मात्र होता. आईला वाचता येत नव्हतं. धाकट्यानं वाचून दाखवला.

गावानं आपला निकाल वेगळाच दिला. लग्न आठ मार्चचं होतं, पत्रिका वाटून झालेल्या. गाव म्हणालं, रायफलीचं निमित्त, पोरगी रंगानं सावळी म्हणून नवरदेव पळाला. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी खाली मान घालून बैठक केली आणि अब्रू राखायला त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर, धाकट्याला उभं केलं. तो बावीस वर्षांचा, ती एकोणीस. हेच ते आठ मार्च, ज्याचं जेवण मंडळातल्या बायकांना हवं असतं. यमुनाबाईंनी अंतरपाटापलीकडं कोण उभं आहे ते पाहिलंसुद्धा नव्हतं म्हणतात. पुढं संसार चांगला झाला, मुलगा झाला, नात झाली, नात मराठी ऐकून हिंदीत उत्तरं देते एवढीच काय ती तक्रार. पण आपल्याला बघून एक माणूस देश सोडून पळाला, हे काही बाई विसरत नाही. ती फक्त शिरा वाढते.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. त्या दिवशी धुकं असं होतं की हज़रतगंजात अकरा वाजता दिवे लागलेले. दुकानात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बसला होता, ऋषभ नावाचा, गुरुग्रामला कुठल्याशा कंपनीत. वडील उन्हाळ्यात वारले होते आणि त्यांच्या नावावरची शिकारी रायफल विकायची होती. समोर हिरव्या बनातीच्या खोळीत ती पडलेली. हणमंतरावांनी नेहमीप्रमाणं त्याला गप्प बसायला सांगितलं. मुलगा गुणी होता, राजाबिजाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाला की घाई त्याची नाही, दादीची आहे. दादीला ती घरात नको झाली आहे.

हणमंतरावांनी खोळीची नाडी सोडता सोडता कारण विचारलं.

"खटखट करती है, अंकल. साल में एक दिन. तीन बार."

सुधीरबाबू काउंटरमागून हसले. हणमंतरावही हसले आणि म्हणाले की मार्चात हवा कोरडी होते, लाकूड आळतं, आवाज करतं. मुलगा त्यांच्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला की मार्च महिना आहे हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

नव्हतंच सांगितलं. हणमंतरावांना स्वतःलाही कळेना की तो शब्द तोंडात कुठून आला. त्यांनी रायफल उचलून नळीच्या तोंडाशी नाक नेलं. जुना गंज, जुनं दारूचं काळं, वर्षानुवर्षं न झाडलेल्या हत्याराचा कोरडा वास. मग नाक दस्त्याकडं नेलं आणि तिथंच थांबले. जवसाचं तेल. ताजं. तळहात लावला तर हात ओशट झाला. त्यांनी विचारलं, तेल कुणी लावलं? ऋषभनं सांगितलं की कुणीच नाही, कपाटाची किल्ली दादीच्या कमरेला, आणि कुलूप इतकं गंजलेलं की दुकानात आणायच्या वेळी कापावं लागलं.

दुकानात हीटर होता. तरी सुधीरबाबूंनी शाल ओढून घेतली, हे नंतर त्यांनीच दहा जणांना सांगितलं.

आता माणूस घाबरला तरी हात आपलं काम करतात. हणमंतरावांच्या हातांनी केलं. बोल्टची विलायती रायफल, तीनशे पंचाहत्तर बोअर. नळीवर मुकुटाखाली दोन अक्षरांचा शिक्का, म्हणजे नव्या दारूवर तपासलेली, एकोणीसशे चारनंतरची. दाब किती टन सोसेल त्याचा आकडा नाही, म्हणजे चोपन्नच्या आधीची. नळीवर कलकत्त्याच्या विक्रेत्याचा पत्ता कोरलेला होता आणि त्या पत्त्यावर ते दुकान फक्त दहा-बारा वर्षं होतं हे हणमंतरावांना पाठ होतं. तेव्हा तिसाच्या आगेमागेची. पंचाण्णव वर्षांची म्हातारी. नळीच्या आतले आटे शाबूत, बोल्टचा नंबर आणि अंगाचा नंबर एकच. अशा मालाला आज लाखांत किंमत येते. ऋषभचा चेहरा जरा खुलला. परवान्यावरचा नंबर त्यानं वाचला, चार हजार सातशे अठरा. अंगावरही तोच.

हणमंतरावांनी भिंग घेतलं नाही. डोळे मिटून अंगठा त्या आकड्यांवरून नेला. चार. सात. एक. मग आठ. परत मागं आले. आठाची उजवी बाजू गुळगुळीत, ठोक्यानं एका दमात उमटलेली. डावीकडचे दोन बाक मात्र बोटाला लागत होते, हातानं कोरलेले, कडा वेगळ्या. बोल्टवरही तसंच. इंग्रजी तीनला डावीकडून दोन बाक लावले की आठ होतो, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

वीस वर्षं ज्या नंबराची वाट पाहिली तो हाताखाली आल्यावर माणूस काय करतो? हणमंतरावांनी पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायले. मग सुधीरबाबूंना म्हणाले की दुकानाचा कॅमेरा चालू आहे का बघा, आणि दोघंही जवळ येऊन उभे राहा, मी दस्ता उघडतो आहे.

हे त्यांनी सांगितलं ते बरंच केलं. नंतर मंडळात कुणी कुणी असं कुजबुजलं की ओळी बर्ग्यांनीच लिहिल्या असतील. तोंडं काय, तोंडांना कुलूप नसतं. पण कॅमेऱ्यात सगळं आहे. स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांची धूळ गच्च बसलेली, ती टोचणीनं काढावी लागली. स्क्रू फिरेनात, दोन थेंब तेल सोडून थांबावं लागलं. पट्टी निघाली तेव्हा गंजाची एक चकती टेबलावर पडली. हे सगळं दिसतं. आतलं लाकूड मात्र कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. ते तिघांनी डोळ्यांनी पाहिलं.

लाकूड स्वच्छ होतं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं: नरहर बर्गे. ११/२/८१. आठ मार्चला लग्न.

नऊ तारखेला पळालेला माणूस अकरा तारखेला त्यांचीच रायफल दुरुस्त करत बसला होता. हणमंतरावांना तेवढं पुरे होतं. ते पट्टी परत लावणारच होते. पण ऋषभ वाकून बघत होता. तो म्हणाला, "नीचे भी कुछ है."

खाली तारखा होत्या. बारीक, मुंगीएवढ्या, दोन रकान्यांत. ८/३/८१. ८/३/८२. ८/३/८३. हात तोच होता. नरहर आठाचं शेपूट वर वळवायचा, आजोबांनी धूळपाटीवर शिकवलेलं, तसंच ते वळलेलं, प्रत्येक ओळीत. सुधीरबाबू तोंडातल्या तोंडात मोजायला लागले आणि मधेच थांबले. दुरुस्त करणारा वर्षाला एकदा हत्यार उघडतो, पुसतो, तेल लावतो आणि तारीख टाकतो. कामाची रीतच आहे तशी. शेवटची ओळ त्याच वर्षाच्या मार्चातली होती, ८/३/२५. त्या ओळीखाली बोटभर जागा मोकळी होती.

बाहेर धुक्यात एक ई-रिक्षावाला घंटी वाजवत होता. ऋषभनं विचारलं की हे काय आहे. हणमंतराव म्हणाले, ही माझ्या भावाची हजेरी आहे.

मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: घडण तिसाच्या सुमाराची. अवस्था उत्तम. नंबर कोरून बदललेला, मूळ नंबर ४७१३. किमतीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. ऋषभनं रेघेकडं बघून विचारलं, "क़ीमत कुछ भी नहीं?"

"नंबर बदले हुए हथियार का बाज़ार नहीं होता, बेटा. थाना होता है."

कायद्यानं सुधीरबाबूंना त्याच दिवशी पोलिसांना कळवणं भाग होतं. ऋषभनं एक दिवस मागितला, दादीशी बोलायला. हणमंतरावांनी दिला. चव्वेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला एक दिवस म्हणजे काय? सुधीरबाबूंनी रायफल तिजोरीच्या खोलीत ठेवली आणि दुकान चारलाच बंद केलं. लोकांना सांगितलं धुक्यामुळं.

घरी यमुनाबाई मेथी निवडत होत्या. हणमंतराव चपला काढून समोर खाली बसले, जे ते गुडघ्यांमुळं कधी करत नाहीत, तेव्हाच त्या ओळखून चुकल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंबराचं ऐकलं, तेलाचं ऐकलं, तारखांचं ऐकताना हात थांबला. पण विचारलं ते भलतंच.

"आठ मार्चला लग्न, असं लिवलंय?"

"व्हय."

"त्यांच्या हातानं?"

"त्याच्याच."

यमुनाबाईंनी उरलेली जुडी निवडून पुरी केली. देठं वेगळी, पानं वेगळी. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "उद्या म्या येनार."

ऋषभच्या घराण्याची कोठी हज़रतगंजच्या मागं होती, व्हरांड्यात बंद पडलेली मोटार आणि मोटारीत मांजर. दादी ऐंशीच्या पुढची, दिवाणावर रजईत, जवळ निखाऱ्यांची शेगडी. ऋषभनं तिला रात्री सगळं सांगितलं असावं, कारण तिनं हणमंतरावांना बसा म्हणायच्या आधी त्यांचे हात पाहिले. मग यमुनाबाईंकडं वळून, ही कोण, असं विचारलं.

यमुनाबाईंचं हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरतं. पण त्या दिवशी अडखळल्या नाहीत. "मैं वो हूँ जिसका ब्याह आठ मार्च को था. उनसे."

म्हातारीनं डोळे मिटले. शेगडीत एक निखारा तडकला. ती हळूहळू बोलू लागली ते बराच वेळ, आणि ऋषभ भिंतीला टेकून ऐकत राहिला. जे तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. दहा फेब्रुवारीला तळावर एक मोठे पाहुणे आले होते. बारा तारखेला हाकारा झाला. गवतात काही हललं आणि पाहुण्यांनी गोळी झाडली. गवतात नरहर होता, एका रायफलीचा खांद्याचा पट्टा तुटला म्हणून निरोप आला होता, तो हत्यारांची पिशवी घेऊन चालला होता. तो अर्धा तास जिवंत होता. पाहुण्यांचं नाव कुठं येऊ नये म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच तो पळाला असं लिहून देण्यात आलं. पळाला तर काही घेऊन पळायला हवं, म्हणून ज्या रायफलीतून गोळी सुटली तीच चोरीला गेल्याचं लिहिलं, आणि मग ती कोठीतच लपवावी लागली. पाच-सहा वर्षांनी आकडा बदलून, ओळखीतून दुसरा कागद करून, ती परत कपाटात आली. तिच्या नवऱ्याचा जीव त्या रायफलीवर होता, टाकवली नाही. नरहरला आत तळावर, सागाच्या दोन झाडांमध्ये पुरलं, ते तिनं मचाणाच्या शिडीवरून पाहिलं होतं. तेव्हा ऋषभचे वडील तिच्या कडेवर होते.

"मैं हर साल बारह फ़रवरी को डरती थी," ती म्हणाली. "उस दिन कुछ नहीं होता था. वो आता था मार्च में. पैंतालीस बार सुना. मैं सोचती थी, मरा तो फ़रवरी में, मार्च में क्यों आता है."

यमुनाबाईंनी फक्त विचारलं की तेल कोण लावायचं. म्हातारीनं रजईतून कमरेची किल्ली काढून दाखवली. गंजून तिचे दात एकमेकांना चिकटले होते.

पुढचं सगळं कागदी आहे. म्हातारीनं पोलिसांसमोर सही केली, आणि नातवानं आजोबांची अब्रू वाचवायला तिला अडवलं नाही, हे त्याच्या खाती मांडायला हवं. पाहुणे कधीच स्वर्गवासी झालेले, तिथं त्यांना मचाण मिळालं असेल. सागाची दोन झाडं तोडली गेली होती, पण बुंधे होते. खणलं तेव्हा हाडं निघाली आणि हाडांजवळ एक स्क्रूड्रायव्हर, लाकडी मुठीचा. मुठीवर तापल्या तारेनं डागलेला "न". हणमंतरावांकडं अजून त्याची जोडी आहे, "ह" असलेली. दोन्ही मुठी बापानं एकाच लाकडाच्या केल्या होत्या. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात अर्ज गेला. उत्तर यायचं आहे. पण गावात बातमी सरकारच्या आधी पोचली, आणि ज्यांनी पोरगी सावळी म्हणून पळाला असं म्हटलं होतं त्यांतले दोन म्हातारे अजून जिवंत आहेत. त्यांनी फोन करून यमुनाबाईंची तब्येत विचारली. यमुनाबाईंनी त्यांचीच तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

मंडळातल्या बायकांना वाटलं, आता तरी आठ मार्चचं जेवण होईल. झालं नाही. त्या दिवशी बर्ग्यांच्या घरी टीव्हीही लावला नाही. दोघं दिवसभर समोरच्या खोलीत बसून होते, ती तांदूळ निवडत, ते वर्तमानपत्र उलटंसुलटं करत, आणि दोघांचेही कान दाराकडं. संध्याकाळी नातीनं येऊन विचारलं, "आजी, कोई आने वाला है क्या?" तर आजीनं तिच्या हातात चिवडा दिला.

मे महिन्यात पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त माल ठेवतात तिथं, पंचनामा होता. दस्त्यातल्या ओळींची नोंद करायची म्हणून हणमंतरावांना बोलावलं, स्क्रू त्यांच्याच हातानं काढवले. मालखान्याचा मुन्शी सील मोडायच्या आधीच सांगत होता की साहेब, मार्चात इथं काहीसुद्धा वाजलं नाही, उगाच शिपाई लोक अफवा करतात. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पंचांनी ओळी मोजल्या, नाव धरून शेहेचाळीस. इन्स्पेक्टरनं नोंदीत एकाच हाताचं अक्षर असं लिहिलं, मग थोडा विचार करून तेच खोडलं आणि "तज्ज्ञांकडे पाठवणे" असं लिहिलं. दस्ता हाताला कोरडा लागत होता. हणमंतरावांनी नाक लावलं. नुसत्या जुन्या लाकडाचा वास.

पट्टी परत बसवताना त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून पेरानं तीनदा टकटक केलं. मुन्शी दचकला, हे मात्र खरं.

ते घरी आले तेव्हा यमुनाबाई ओट्याशी उभ्या होत्या, चहाचं आधण चढलेलं. पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "औंदाची वळ व्हती?"

"न्हाई. पंचवीसनंतर कोरं हाय."

यमुनाबाईंनी साखर टाकली, चहा टाकला, दूध ओतलं, आणि चहा उतू जाईपर्यंत भांड्याकडं बघत राहिल्या. ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "म्हंजी पोचले घरला."

मग त्यांनी हणमंतरावांना कप दिला, आणि त्या समोर बसल्यावर म्हणाल्या की येत्या रविवारी मंडळातल्या त्या बायकांना जेवायला बोलवा, बघू एकदा किती खातात.